दोन काळ्या रेषा

सिग्नलला ट्रकच्या मागे उभं राहिलं की त्याच्या मागच्या चाकांच्या मधोमध एक लोखंडी भोपळा लटकलेला दिसतो. जुन्या मागच्या चाकांवर चालणाऱ्या मोटारींनाही तो असतो, फक्त लहान आणि वाकल्याशिवाय न दिसणारा. त्याच्या आत डिफरन्शियल असतं. गाडी वळते तेव्हा बाहेरच्या चाकाला लांबचा पल्ला मारावा लागतो, आतल्याला जवळचा. दोन्ही चाकं एकाच सळईवर घट्ट बसवली तर एक चाक घासत राहणार. म्हणून मधे चार दातेरी चाकांचा असा एक संसार मांडलेला असतो, की दोन्ही चाकांना ताकद मिळते पण प्रत्येकाला आपापल्या वेगाने फिरता येतं. ओनेसिफोर पेक्युअर नावाच्या फ्रेंच माणसाने १८२७ मध्ये याचं पेटंट घेतलं, म्हणजे पेट्रोलच्या मोटारी रस्त्यावर येण्याच्या अर्धशतकाहून जास्त आधी.

या हुशार यंत्रात एक खोट आहे. ते दोन्ही चाकांना सारखंच बळ देतं, आणि त्यामुळे ज्या चाकाची पकड सुटली त्याला जेवढं बळ पेलवतं तेवढंच दुसऱ्याला मिळतं. एक चाक चिखलात, दुसरं कोरड्यावर असेल तर चिखलातलं गरगर फिरत राहतं आणि कोरड्यावरचं ढिम्म हलत नाही. ऊस भरलेली ट्रॉली फडातून बाहेर काढताना हे ज्यांनी पाहिलंय त्यांना समजावून सांगायची गरज नाही. माझ्या मामाच्या ट्रॅक्टरला टाचेजवळ एक पेडल आहे. ते दाबलं की दोन्ही चाकं एकमेकांना जखडली जातात आणि ट्रॅक्टर गुरगुरत बाहेर येतो. मामा त्याला 'डिफ लॉक' म्हणतो. मी मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला डिफरन्शियलची समीकरणं पाठ करत होतो, तेव्हा सुट्टीत मामाने मला ते पेडल दाबायला लावलं होतं. समीकरणं विसरलो, पेडल लक्षात आहे.

मोटारीत मात्र असं पेडल देऊन भागत नाही. चालवणारा ते दाबून ठेवेल आणि विसरेल. म्हणून मधला मार्ग निघाला: लिमिटेड-स्लिप डिफरन्शियल. त्यात आतल्या दातेरी चाकांच्या कडेला क्लचसारख्या पातळ चकत्यांची चळत असते आणि स्प्रिंग ती दाबून धरते. वळताना चकत्या थोड्या घसरतात आणि चाकांना मोकळीक देतात. पण एक चाक फारच पुढे पळायला लागलं की घर्षण त्याला मागे ओढतं आणि उरलेलं बळ दुसऱ्या चाकाकडे जातं. रेसच्या गाड्यांसाठी जर्मनीत १९३० च्या दशकातच हे सुरू झालं होतं. अमेरिकेत १९५६ मध्ये पॅकार्डने ते सामान्य गिऱ्हाइकाला विकायला काढलं आणि मग प्रत्येक कंपनीने आपापलं बारसं केलं. शेवरोलेचं पॉझिट्रॅक्शन, पॉन्टिॲकचं सेफ-टी-ट्रॅक, क्रायस्लरवाल्यांचं शुअर-ग्रिप, फोर्डचं आधी इक्वा-लॉक आणि मग ट्रॅक्शन-लॉक. नावं वेगळी, बाहेरून भोपळा तोच.

बाहेरून तोच, ही खरी अडचण. चकत्यांवाला भोपळा आणि साधा भोपळा शेजारी ठेवले तर कुणालाही फरक सांगता येणार नाही. गेल्या उन्हाळ्यात हा फरक सांगायची जबाबदारी माझ्यावर आली. शेजारच्या आजींचे दोन हजार डॉलर त्यात अडकले होते, आणि त्यांच्या नवऱ्याचा शब्दही.

मी डेट्रॉइटच्या एका उपनगरात राहतो. आजींना मी इथे आजी म्हणतोय, प्रत्यक्षात इथल्या रीतीप्रमाणे त्यांना नावानेच हाक मारतो आणि अजूनही दर वेळी जीभ थोडी अडखळते. त्यांचे यजमान त्याआधीच्या हिवाळ्यात गेले. गॅरेजमध्ये कापडाखाली त्यांची १९६९ ची मस्टँग माक-१ उभी होती. ३५१ घनइंचांचं इंजिन, चार बॅरलचा कार्बुरेटर, चार गिअरची मॅन्युअल. आजोबांनी ती नवी कोरी घेतली होती आणि तेव्हापासून ती त्यांचीच होती. मिशिगनच्या रस्त्यांवर हिवाळ्यात मीठ टाकतात आणि मीठ पत्रा खातं, म्हणून नोव्हेंबर ते एप्रिल ती बाहेर काढायची नाही असा घरात नियम होता. ऑगस्टमधल्या तिसऱ्या शनिवारी वुडवर्ड ॲव्हेन्यूवर जुन्या गाड्यांची जी जत्रा भरते तिथे ते न चुकता जात. मलाही एकदा शेजारी बसवून नेलं होतं. त्या दिवशी त्यांनी मला तीन वेळा सांगितलं की मागे ट्रॅक्शन-लॉक आहे, फॅक्टरीचं आहे, आणि हे त्यांनी पदरचे जास्तीचे पैसे मोजून मागवलं होतं.

आता मुलगा दुसऱ्या टोकाला कॅलिफोर्नियात, आजींना क्लच दाबवत नाही, म्हणून गाडी विकायची ठरली. पहिलं गिऱ्हाईक जाणकार होतं. त्याने मागची दोन्ही चाकं उचलून गाडी स्टँडवर ठेवली, गिअर न्यूट्रल केला आणि डावं चाक हाताने पुढे फिरवलं. उजवं मागे फिरलं. तो उठला, हात पुसले आणि म्हणाला की आत साधं डिफरन्शियल आहे, कुणीतरी कधीतरी बदललंय, दोन हजार कमी देईन.

आजी संध्याकाळी माझ्याकडे आल्या. "तू इंजिनीअर आहेस ना?" मी म्हटलं, आहे, पण माझा आणि गाड्यांचा संबंध विम्याचे फॉर्म भरून घेणाऱ्या सॉफ्टवेअरपुरता आहे. त्यांनी ते ऐकून न ऐकल्यासारखं केलं. पैशांबद्दल त्या फारशा बोलल्याच नाहीत. "तो पन्नास वर्षं सगळ्यांना सांगत होता," एवढंच म्हणाल्या, आणि थोड्या वेळाने, "त्याला खोटं बोलता यायचं नाही."

त्या गिऱ्हाइकाने केलेली परीक्षा खरी आहे, हे आधी सांगायला हवं. साध्या डिफरन्शियलमध्ये एक चाक पुढे फिरवलं की आतली छोटी दातेरी चाकं जागच्या जागी फिरतात आणि पलीकडचं चाक उलटं जातं, कारण गिअरबॉक्सपर्यंतचा सगळा दांडा ओढत नेण्यापेक्षा ते सोपं असतं. चकत्यांवाल्यात दोन्ही बाजू घर्षणाने बांधलेल्या असतात, म्हणून दोन्ही चाकं एकाच दिशेला जातात आणि मधला दांडाही सोबत फिरतो. दोन मिनिटांचं काम. (पण इंजिन चालू करून, गिअरमध्ये टाकून हे कधी करू नये. त्यातही एक चाक जमिनीवर ठेवून तर नाहीच. लिमिटेड-स्लिप असेल तर जमिनीवरचं चाक गाडी जॅकवरून खाली उडवतं. खाली माणूस असेल तर पुढचं लिहायला नको.)

परीक्षा खरी, पण तिने विचारलेला प्रश्न वेगळा आहे. ती सांगते की हे यंत्र आज कसं वागतंय. ते मुळात काय आहे, हे ती सांगत नाही. आतली चाकं कुणी वेल्डिंग करून जखडली असतील तर तीही एकाच दिशेला फिरतील आणि आपण फसू. टॉर्सन नावाच्या प्रकारात चकत्या नसतात, सगळा खेळ दातेरी चाकांच्या घर्षणावर आणि चाकांवर येणाऱ्या भारावर चालतो. त्याची चाकं हवेत धरून तपासली तर अस्सल लिमिटेड-स्लिप असूनही ते साध्यासारखं वागू शकतं. आणि तिसरी शक्यता सगळ्यात साधी होती. ती मला सुचली नव्हती. ती सांगितली मामाने.

वाळव्याला रात्रीचे अकरा वाजले असतील. मी व्हिडिओ कॉल लावून सगळं सांगितलं. मस्टँग बघून तो आधी पाच मिनिटं गाडीबद्दलच बोलला. मग म्हणाला, "आरं, चकत्या हायत म्हणतोस न्हवं? मग गेल्या आसतील की. क्लच जातो तशा. पन्नास वर्सं कोन टिकतंय?"

असं असेल तर ते गिऱ्हाईकही बरोबर आणि आजोबाही बरोबर. पण असेल तर. सिद्ध करायला कागद आणि लोखंड दोन्ही लागणार होतं.

कागद सोपा निघाला. त्या काळच्या मस्टँगच्या ड्रायव्हरच्या दरवाजावर एक छोटी पट्टी असते. बॉडी, रंग, आतलं कापड, ॲक्सल, गिअरबॉक्स, सगळं एकेका अक्षरात आणि आकड्यात. ॲक्सलच्या खान्यात 'एस' होता. १९६९ च्या यादीत एस म्हणजे ३.५० गुणोत्तराचं ट्रॅक्शन-लॉक. पट्टी रिव्हेटने बसवलेली असते आणि रिव्हेट काढताही येतात, म्हणून दुसरा पुरावा हवा. केव्हिन मार्टी यांच्या कंपनीकडे १९६७ पासूनच्या फोर्ड गाड्यांच्या उत्पादनाच्या मूळ नोंदी आहेत. फोर्डने अधिकृतपणे दिलेल्या. चासी नंबर कळवला की ते त्या गाडीचा अहवाल पाठवतात. आमचा आला. गाडी नोव्हेंबर १९६८ मध्ये डिअरबॉर्नच्या कारखान्यात बनली होती, माझ्या घरापासून अर्ध्या तासावर, आणि ॲक्सलपुढे ट्रॅक्शन-लॉक लिहिलेलं होतं. आजोबांनी पैसे मोजले होते ते कशासाठी, हे नक्की झालं.

पण हा होता गाडीचा जन्मदाखला. गिऱ्हाइकाचं म्हणणं जन्माबद्दल नव्हतंच. मागाहून बदललंय, असं तो म्हणत होता. आणि फोर्डच्या नऊ इंची ॲक्सलच्या बाबतीत ही शंका रास्त आहे. बहुतेक गाड्यांच्या भोपळ्याला मागून झाकण असतं. याला नसतं. याचा आतला सगळा गोळा पुढच्या बाजूने एकसंध बाहेर येतो. दोन्ही ॲक्सल बाहेर ओढायचे, दहा नट सोडायचे, आणि क्राऊन, पिनियन, डिफरन्शियल सगळं एकदम हातात. हे ॲक्सल १९५७ पासून १९८६ पर्यंत बनत राहिलं आणि रेस लावणाऱ्या पोरांचं लाडकं झालं ते याचसाठी. शनिवारी सकाळी एक गोळा, दुपारी दुसरा. त्यामुळे पन्नास वर्षांच्या गाडीत मूळचाच गोळा असेल असं गृहीत धरता येत नाही.

या गोळ्याच्या एका नटाखाली पत्र्याची एक चिठ्ठी अडकवलेली असते. मी पाठीवर झोपून, तारेच्या ब्रशने अर्धा तास ग्रीस आणि गंज खरवडला. नाकात, कानात, केसांत पडलं. शेवटी अक्षरं उमटली. ३ एल ५०. मग ९. मग ८ के सी.

मला हा प्रकार फार आवडला. फोर्डच्या माणसांनी लिमिटेड-स्लिप सांगायला वेगळा रकाना ठेवला नाही. गुणोत्तराच्या दशांश चिन्हाच्या जागी 'एल' ठोकला. ३.५० असेल तर साधं, ३ एल ५० असेल तर लॉकिंग. आमच्या कामात असला जुगाड कुणी केला तर कोड रिव्ह्यूमध्ये त्याची चटणी होईल. पण इथे अर्ध्या शतकानंतर, गंजातून, तो एकच एल सगळं सांगत होता. नऊ म्हणजे क्राऊनचा व्यास, इंचात. आठ म्हणजे १९६८, के म्हणजे ऑक्टोबर (आय आणि एक यांचा गोंधळ नको म्हणून आय वगळतात), सी म्हणजे तिसरा आठवडा. ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात ॲक्सल, नोव्हेंबरमध्ये गाडी. तारखा जुळत होत्या.

तरीही चिठ्ठी म्हणजे नटाखालचा पत्रा. गोळा बदलणारा माणूस नीटनेटका असेल तर जुनी चिठ्ठी नव्या गोळ्याला लावतो. त्यानंतर मी गुणोत्तर मोजलं, खडूने खुणा करून. चाकाच्या एका फेऱ्याला दांड्याचे साडेतीन फेरे. बरोबर. पण ३.५० चं साधंही मिळायचं. मग टॉर्क रेंच. एक चाक जमिनीवर, दुसरं उचललेलं, गिअर न्यूट्रल, आणि उचललेलं चाक रेंचने फिरवून किती जोर लागतो ते पाहायचं. चकत्या धड असतील तर बऱ्यापैकी जोर लागतो, आणि किमान किती लागावा हे फॅक्टरीच्या मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं. आमचं चाक ब्रेकच्या घासण्यापुरतं अडलं आणि फिरलं. म्हणजे मेलेलं ट्रॅक्शन-लॉक किंवा जिवंत साधं. दोघांचं उत्तर एकच.

त्या रात्री जेवायला आजींकडे होतो, आणि बोलता बोलता 'माय कझिन विनी'चा विषय निघाला. १९९२ चा सिनेमा. अलाबामातल्या एका कोर्टात दोन पोरांवर खुनाचा खटला, आणि शेवटी सगळा निकाल फिरतो तो मरिसा टोमेईच्या साक्षीवर. पळून गेलेल्या गाडीच्या टायरच्या खुणांचा फोटो बघून ती सांगते की ही गाडी आरोपींची १९६४ ची ब्यूक स्कायलार्क असूच शकत नाही. दोन्ही चाकांनी सारख्याच लांबीच्या रेषा काढल्यात, म्हणजे मागे लिमिटेड-स्लिप होतं. साधं असतं तर एकच चाक गरगरलं असतं आणि एकच रेषा उमटली असती. त्या भूमिकेसाठी तिला ऑस्कर मिळालं. (ती पॉन्टिॲकच्या यंत्रालाही पॉझिट्रॅक्शनच म्हणते, जे खरं तर शेवरोलेचं नाव. पण आपणही कुठल्याही फोटोकॉपीला झेरॉक्स म्हणतो.) डिफरन्शियल ओळखण्याचा याहून चांगला प्रसंग सिनेमात कुणी लिहिला असेल असं मला वाटत नाही. मी हे जरा रंगवून सांगत होतो, प्लेटवर काट्याने दोन रेषा काढून.

आजींनी माझा हात धरला. "दोन होत्या," त्या म्हणाल्या.

१९६९ च्या वसंतात, लग्नाच्या आधी, आजोबा नवी गाडी घेऊन त्यांच्या वडिलांच्या घरी आले होते. निघताना त्यांनी नको तेवढा ॲक्सिलरेटर दाबला. घरासमोरच्या नव्या काँक्रीटवर काळ्या खुणा उमटल्या. वडील चिडले. त्यांनी आजींना ब्रश आणि साबणाचं पाणी दिलं आणि म्हणाले, तुझ्या मित्राचे पराक्रम तूच घास. त्या दुपारभर घासत बसल्या होत्या. "दोन होत्या. एक संपवून दुसरी घासायला घेतली तेव्हा मला रडू आलं होतं, म्हणून मला पक्कं माहीत आहे."

पंचावन्न वर्षांत त्यांनी ही गोष्ट कितीतरी वेळा सांगितली असेल, पण त्यातला दोन हा आकडा पुरावा आहे हे त्यांना त्या रात्री पहिल्यांदा कळलं. मला एवढंच म्हणता आलं, की १९६९ मध्ये ते यंत्र काम करत होतं यात आता शंका नाही. आजच्या गोळ्याबद्दल हेही काही सांगत नव्हतं. पण आजींना त्यापुढचं ऐकायचं नव्हतं, आणि मीही बोललो नाही.

गोळा उघडायचं काम माझं नव्हतं. पलीकडच्या गल्लीत एक म्हातारा मेकॅनिक आहे, आता फक्त ओळखीच्या गाड्या बघतो. त्याने तेल काढलं तेव्हा गॅरेजभर जो वास सुटला तो वर्णन करण्यासारखा नाही. चकत्यांवाल्या डिफरन्शियलच्या तेलात घर्षण ताब्यात ठेवणारं एक वेगळं द्रव्य घालतात. ते नसलं तर चकत्या वळणावर घसरायच्या ऐवजी अडकत-सुटत राहतात आणि गाडी कण्हते. पार्किंगमध्ये स्टिअरिंग पूर्ण वळवून हळू चालवताना मागून घरघर आली तर आत लिमिटेड-स्लिप असण्याची शक्यता बरीच. जुने लोक अशा आवाजावरूनच ओळखतात. त्या काळी गिअरच्या आणि ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या तेलात घर्षणासाठीच स्पर्म व्हेलचं तेलही वापरत. १९७० मध्ये अमेरिकेने त्या देवमाशाला संकटग्रस्त प्राण्यांच्या यादीत घातलं आणि रसायनवाल्यांना दुसरं काही शोधावं लागलं. डेट्रॉइटच्या गाड्या सरळ धावाव्यात म्हणून समुद्रात देवमासे मरत होते, हे मला त्या मेकॅनिकने रोजच्या बातमीसारखं सांगितलं.

गोळा टेबलावर आला. केस उघडली. आत चकत्या होत्या.

म्हणजे, चकत्यांचं जे उरलं होतं ते होतं. घर्षणाचा थर जवळपास गेलेला, स्टीलच्या चकत्या आरशासारख्या गुळगुळीत. मेकॅनिकने एक उचलून उजेडात धरली आणि तिच्यात स्वतःची मिशी नीट केली. "ट्रॅक्शन-लॉक," तो म्हणाला. "होतं."

आजी दारात खुर्ची टाकून बसल्या होत्या. त्यांनी मला विचारलं, "मग तो बरोबर होता?" मी हो म्हटलं. फॅक्टरीचं आहे, मूळचं आहे, कुणी बदललेलं नाही. फक्त झिजलंय. त्या उठल्या, घरात गेल्या आणि आजोबांची नोंदवही घेऊन आल्या.

ही वही मला आधी का दाखवली नाही, हे मी विचारलं नाही. निळ्या पुठ्ठ्याची, पाठीला चिकटपट्टी, १९६९ पासूनची प्रत्येक गोष्ट: पेट्रोल, तेल, प्लग, टायर, मैल. मी मागच्या ॲक्सलच्या नोंदी शोधत गेलो. दर काही वर्षांनी तेल बदललेलं, सोबत ते द्रव्य घातल्याची खूण. १९८८ मध्ये: वळताना मागून आवाज, द्रव्य घातलं, ठीक. १९९६ मध्ये पुन्हा आवाज, पुन्हा द्रव्य. आणि मग २००७ च्या जूनमध्ये, ठळक अक्षरांत, खाली रेघ मारून: आवाज पूर्ण बंद, हे तेल उत्तम, यापुढे हेच.

मेकॅनिकने माझ्या खांद्यावरून ते वाचलं आणि काही न बोलता वळून हात धुवायला गेला.

आवाज बंद झाला कारण आवाज करायला काही उरलं नव्हतं. चकत्या एकमेकींना धरेनाशा झाल्या, आणि न धरणारी गोष्ट कण्हत नाही. त्या जूनपासून किंवा त्याच्या थोडं आधीपासून ती गाडी साधी झाली होती. आजोबांच्या ते लक्षात येण्याचं कारणही नव्हतं. लिमिटेड-स्लिप काम करतंय की नाही हे कळतं फक्त एका चाकाखालची पकड सुटली तर. बर्फात, चिखलात, ओल्या चढावर. आणि ती गाडी बर्फ बघतच नव्हती. उन्हाळ्यातल्या कोरड्या रस्त्यावर, साठीतला माणूस, बाजूला बायको, पस्तीसचा वेग. मेलेलं आणि जिवंत यांत तिथे काहीच फरक नसतो. मला ते तीन वेळा सांगत होते त्या दिवशी आम्ही साध्या डिफरन्शियलवरच वुडवर्डला गेलो होतो.

आम्ही कामावर याला वेगळी नावं देतो. एखादी तपासणी रोज रात्री चालते, रोज हिरवी खूण देते, आणि दोन वर्षांनी कळतं की ती आत काही तपासतच नव्हती. तक्रारी येईनाशा झाल्या की सगळे खूश होतात. आलेल्या तक्रारीचं काय करायचं ते आम्हाला शिकवलेलं असतं. न येणाऱ्या तक्रारीकडे बघायला कुणी शिकवत नाही, आणि मलाही ते जमेल याची खात्री नाही.

आजींनी विचारलं, "काय लिहिलंय?"

मला दोन उत्तरं देता आली असती. एक म्हणजे, तेल बदलल्याचं लिहिलंय. तेही खरंच होतं. मी दुसरं दिलं. आवाज बंद झाल्याचं लिहिलंय, आणि तो बंद झाला तेव्हाच चकत्या संपल्या होत्या, आणि त्यांना वाटलं की तेल चांगलं लागलं. मी हे शक्य तितकं हळू सांगितलं. आजींनी वही माझ्याकडून घेतली, चष्मा चढवला, ती ओळ वाचली, आणि त्या हसल्या. चांगल्या मोठ्याने हसल्या. "मला तो आवाज आवडायचा नाही," त्या म्हणाल्या. "मीच त्याला सांगायचे, काहीतरी कर त्याचं."

नव्या चकत्यांचा संच मिळतो. मेकॅनिक म्हणाला, बसवून देतो, एक दिवसाचं काम. माझं मत होतं की बसवावा. दोन हजारांचा वाद मिटेल, चाकं एका दिशेला फिरतील. मुलाचंही फोनवर तेच म्हणणं. आजी नाही म्हणाल्या. ज्याला घ्यायची त्याने बसवावं, आपण जे आहे ते सांगू. त्यामागे तत्त्व होतं की गॅरेज लवकर रिकामं करायची घाई, मला सांगता येणार नाही. त्यांनी तिथेच बसून जाहिरातीची ओळ सांगितली आणि मी फोनवर टाइप केली: मागे फॅक्टरीचं मूळ ट्रॅक्शन-लॉक, ३ एल ५०, चिठ्ठी जागेवर, चकत्या झिजलेल्या, बदलाव्या लागतील, सध्या साध्यासारखं चालतं. मी 'झिजलेल्या'च्या आधी 'थोड्या' घातलं होतं. त्यांनी ते काढायला लावलं.

सोबत फोटो टाकले. दरवाजावरची पट्टी, पत्र्याची चिठ्ठी, टेबलावरच्या चकत्या. पहिलं गिऱ्हाईक परत आलं नाही. दुसरा ओहायोहून आला, चाळिशीतला, सोबत दहा-बारा वर्षांची मुलगी. त्याने चाक फिरवून पाहिलं नाही. सरळ खाली झोपला, चिठ्ठी वाचली, मुलीलाही खाली बोलावून वाचायला लावली आणि एल कुठला ते दाखवलं. भावात शे-दोनशेची घासाघीस झाली ती टायरवरून.

पैसे दिल्यावर त्याने नोंदवही मागितली. जुन्या गाडीबरोबर पहिल्या मालकाची वही असली की तिची किंमत वाढते, आणि अशा गाड्या घेणारा कुणीही ती मागणारच. आजी म्हणाल्या, वही मिळणार नाही. तो जरा घुटमळला, पाचशे वर देतो म्हणाला. त्यांनी नुसती मान हलवली. शेवटी ठरलं की फोटो देऊ. आम्ही स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसलो, आजी एकेक पान उलटत होत्या आणि मी फोनवर फोटो काढत होतो. एकशे चाळीस पानं. तो माणूस आणि त्याची मुलगी बाहेर ट्रेलरवर गाडी बांधत होते. २००७ चं पान आलं तेव्हा आजींनी ते तळहाताने सपाट करून धरलं, म्हणजे फोटो हलू नये.